सहावी ते आठवी : निकालपत्र नव्हे, वही पाहा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

दहावी-बारावीचा निकाल लागला की जिल्हा पुरवण्यांची पाने गुणवंतांच्या फोटोंनी भरून जातात. त्या मुलांचे कौतुक व्हायलाच हवे. पण ज्या वर्षांत पुढचे बरेचसे ठरून जाते, त्या सहावी, सातवी, आठवीबद्दल पालकांना चार गोष्टी नीट सांगणारे फारसे कुणी नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. तोवर घरोघरी पेरणीची घाई लागलेली असते आणि मूल ‘मोठ्या शाळेत’ गेले, एवढीच नोंद घरात होते. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद व अनुदानित शाळांमधले पदवीधर शिक्षक आहोत, काही सेवेत, काही निवृत्त. आमचे म्हणणे एकच आहे : दहावीत गणित-विज्ञानात जो फटका बसतो, त्याची सुरुवात बहुतेक वेळा सहावी-सातवीत झालेली असते. त्या वेळी तो निकालपत्रात दिसत नाही. वहीत मात्र दिसतो.

गावातली शाळा कुठे चौथीपर्यंत, कुठे पाचवीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत असते. त्यामुळे शाळा बदलण्याचे वर्ष गावागणिक वेगळे, पण होणारा बदल सारखाच. तोपर्यंत एकच गुरुजी किंवा बाई दिवसभर वर्गावर असतात. मूल आजारी आहे, उपाशी आले आहे, वही विसरले आहे, हे त्यांच्या लगेच लक्षात येते. वरच्या वर्गात दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी घंटा होते आणि शिक्षक बदलतात. परिसर अभ्यासाच्या जागी सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल असे वेगळे विषय येतात. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि गणित धरून सात विषय झाले. प्रत्येकाची वही वेगळी, गृहपाठ देणारे वेगळे, आणि एकाने किती दिला हे दुसऱ्याला ठाऊक नसते. पहिले दोन-तीन महिने मूल वह्या विसरते, उद्याचा गृहपाठ परवा करते, घरी आल्यावर चिडचिड करते. यात मुलाचा आळस शोधू नका. वेळापत्रकाची नक्कल एका कागदावर लिहून घरात भिंतीला लावा आणि दप्तर रात्रीच भरायला लावा. सकाळी बसच्या घाईत भरलेल्या दप्तरात सगळीच पुस्तके कोंबली जातात. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असे सांगितले आहे. सहावी-सातवीसाठी ते २ ते ३ किलो आहे. किराणा दुकानाच्या काट्यावर दप्तर एकदा ठेवून पाहा. बहुतेक पालकांना आकडा पाहून धक्का बसेल.

याच सुमारास आणखी एक गोष्ट उघडी पडते. फळ्यावरचे उतरवून घेण्याचा वेग. खालच्या वर्गात मूल मागे राहिले तर बाई थांबत. आता तास संपतो, फळा पुसला जातो आणि वहीत अर्धे वाक्य राहून जाते. वहीत अशी अर्धी पाने दिसली तर आधी डोळे तपासून घ्या. फळ्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणे, डोळे बारीक करून पाहणे, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसणे ही लांबचे न दिसण्याची लक्षणे आहेत. या वयात उंची वाढते तसा चष्म्याचा नंबरही वाढतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्या दिवशी मूल गैरहजर राहू देऊ नका, आणि पथकाने ग्रामीण रुग्णालयात पाठवायची चिठ्ठी दिली असेल तर ती दप्तरात पडून राहू देऊ नका.

आता निकालपत्राबद्दल, कारण पालकांची सर्वांत मोठी फसगत इथे होते. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात आकारिक आणि संकलित असे दोन भाग असतात. तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय, छोट्या चाचण्या हा आकारिक भाग, आणि सत्राच्या शेवटी होणारी परीक्षा हा संकलित. पाचवी-सहावीला दोन्ही पन्नास-पन्नास गुणांचे, तर सातवी-आठवीला चाळीस आणि साठ. निकालपत्रावर दिसते ती दोन्हींची मिळून श्रेणी. समजा, सहावीच्या एखाद्या मुलाला गणितात आकारिकमध्ये ५० पैकी ४५ आणि संकलितमध्ये ५० पैकी १८ मिळाले. बेरीज ६३, म्हणजे श्रेणी ब-२. बाप म्हणतो, पोरगं बरं चाललंय. खरे तर लेखी परीक्षेत त्याला ३६ टक्के आहेत. म्हणून पालक सभेत श्रेणी विचारू नका. संकलितचे गुण वेगळे विचारा आणि उत्तरपत्रिका पाहायला मागा. शिक्षक नाही म्हणणार नाहीत. ३३ ते ४० ची श्रेणी ड आणि त्याखाली इ-१, इ-२. यातली कोणतीही श्रेणी गणितात किंवा भाषेत आली, तर सुट्टीतच कामाला लागायला हवे.

२०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. प्रत्येक विषयात किमान ३५ टक्के हवेत. कमी पडले तर पुनर्परीक्षा होते, आणि तीतही नापास झाले तर मूल त्याच वर्गात राहते. शाळेतून मात्र आठवी पूर्ण होईपर्यंत कुणालाही काढता येत नाही. सहावी आणि सातवीला अशी अडवणूक नाही. म्हणजे सहावीत कच्चे राहिलेले मूल थेट आठवीच्या वार्षिक परीक्षेतच अडखळते, आणि तेव्हा मागची दोन वर्षे भरून काढायला वेळ उरत नाही.

कच्चे कुठे राहते, हे घरी बसून दहा मिनिटांत कळते. सहावीच्या सुरुवातीला मुलाला चार गणिते घाला. ५०४ मधून २७८ वजा करायला सांगा. उत्तर २२६ आले पाहिजे. ३७४ आले, तर प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. हातच्याची वजाबाकी कळलेलीच नाही. दुसरे, ६१८ ला ६ ने भागा. उत्तर १०३. अनेक मुले १३ लिहितात, कारण १ ला ६ ने भाग जात नाही तेव्हा वर शून्य लिहायचे असते, हे त्यांनी समजून न घेता नुसती रीत पाठ केलेली असते. वहीत ती शून्याची जागा बोटाने दाखवून विचारा, ‘सहाशे अठरा चॉकलेटं सहा जणांना वाटली, तर एकेकाला तेराच कशी येतील?’ ज्या क्षणी मूल स्वतः म्हणते की शंभराच्या वर यायला पाहिजेत, त्या क्षणी चूक सुटायला लागते. तिसरे, अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज. उत्तर पाच षष्ठांश. दोन पंचमांश आले तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. चौथे, ०.५ मोठे की ०.३५? पस्तीस हे पाचपेक्षा मोठे म्हणून ०.३५ मोठे, असे उत्तर आले तर दशांश चिन्हाचा अर्थ पोचलेला नाही. या चार जागा दुरुस्त झाल्याशिवाय शतमान, सरळव्याज, गुणोत्तर यातले काहीच बसत नाही, आणि सातवीपासून तर रोज हेच लागते.

आईवडील शिकलेले नसतील तर? तरीही वही तपासता येते. पानांवर तारखा आहेत का आणि त्या सलग आहेत का, ते पाहा. मधले दहा-बारा दिवस कोरे असतील तर का, ते विचारा. लाल पेनाने फुली मारलेल्या गणिताखाली तेच गणित पुन्हा बरोबर सोडवलेले आहे का? फुली आहे आणि पुढे काहीच नाही, असे पान पानामागून दिसले तर चुका तशाच पुढे जात आहेत. विज्ञान-इतिहासाची उत्तरे पुस्तकी भाषेत, एकही खाडाखोड नसलेली, लांबलचक असतील तर ती बहुधा गाईडमधून उतरवलेली. वही बंद करून मुलाला म्हणा, हे मला तुझ्या बोलीत सांग. झाडीबोलीत सांगो की वऱ्हाडीत, गोंडीत की कोलामीत; सांगता आले तर कळले. आम्ही गाईडला सरसकट वाईट म्हणत नाही, पण सहावी-सातवीत गाईडची सवय लागली की मूल धडा वाचायचे सोडते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

वाचन हा दुसरा पाया. सहावीच्या मुलाला विज्ञानाच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावा. जोडाक्षरांना अडखळत असेल, वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरत असेल, तर त्याला विज्ञान कठीण जात नाही. वाचन कठीण जाते. रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचन, तेही त्याच्या आवडीचे काहीही, हा उपाय स्वस्तही आहे आणि लागूही पडतो. आपले वृत्तपत्रही चालेल.

‘सेमी’चा प्रश्न याच वर्षांत येतो. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. गावात सेमी म्हणजे प्रतिष्ठा झाली आहे, पण निर्णय प्रतिष्ठेवर घेऊ नका. सेमीचे विज्ञानाचे पुस्तक उघडा, मुलाला पाच ओळी वाचायला लावा आणि अर्थ मराठीत विचारा. निम्माही कळला तर पुढे जायला हरकत नाही. अजिबात कळला नाही तर मूल व्याख्या पाठ करेल, गुण मिळवेल आणि नववीत अडकेल. शाळेलाही एक प्रश्न विचारा : शिकवणार कोण, आणि त्यांना इंग्रजीतून शिकवायची सवय आहे का? सेमी घेतलेच असेल तर एक जोडशब्दांची वही करा. अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, लसावि म्हणजे एलसीएम. आठवड्याला दहा शब्द पुरेत.

आता हजेरी. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला वर्षात किमान २२० दिवस शाळा भरायला हवी. आपल्याकडे शाळा भरते. मूल मात्र वावरात असते. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, इकडे निंदण, दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची सोंगणी, दिवाळीनंतर कापसाची वेचणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले. यात सर्वांत जास्त नुकसान वेचणी करते, कारण ती नेमकी दुसऱ्या सत्राच्या तोंडाशी येते आणि लांबत जाते. सातवीच्या सध्याच्या गणिताच्या पुस्तकात दुसऱ्या विभागात समप्रमाण-व्यस्तप्रमाण, सरळव्याज, पायथागोरसचा सिद्धांत, वर्गविस्ताराची सूत्रे आहेत. नोव्हेंबर-डिसेंबर बुडाला की यातले निम्मे बुडाले, आणि आठवी-नववी याच्यावरच उभी आहे. मोठी मुलगी लहान भावाला सांभाळायला घरी राहते, ही आणखी एक ठरलेली गोष्ट. हजेरीपटावर तिची अनुपस्थिती सलग दिसत नाही, आठवड्याला दोन-दोन दिवस दिसते, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

मजुराच्या घरात वेचणीच्या दिवसांत हात कमी पडतात, हे आम्हाला कळते. बाहेरच्या मजुराचे पैसे परवडत नाहीत, हेही कळते. कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या कामात मदत चालते, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. म्हणून रविवार आणि सुट्टीचे दिवस वेचणीला ठेवा, शाळेचा दिवस नको. अगदीच अडले आणि मूल थांबले, तर त्याच संध्याकाळी वर्गातल्या एका ठरलेल्या मुलाकडून वही आणून त्या दिवसाचे उतरवून घ्यायला लावा. आठवडी बाजाराच्या दिवशी शाळा बुडवायची सवय असेल तर ती आधी मोडा. त्याच वाराला जी तासिका असते, तो विषय वर्षभर बुडत राहतो.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या कुटुंबांनी दसऱ्याच्या आत मुख्याध्यापकांना सांगावे. मुलाला आजी-आजोबांकडे ठेवायचे असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते का ते विचारावे, आणि सोबत न्यायचेच असेल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे. ते दाखवले की तिथल्या शाळेत मुलाला बसता येते. न सांगता गेलात तर मूल इथे ‘सतत गैरहजर’ आणि तिथे कुठेच नाही, अशी त्याची गत होते.

शाळा लांब असेल तर प्रवासाची सोय आधी पाहून ठेवा. सहावी ते आठवीची शाळा घरापासून तीन किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. नसेल तर वाहतूक भत्त्यासाठी मुख्याध्यापकांकडे मागणी करता येते. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश रकमेत. पास आता शाळेतच देण्याची सोय झाली आहे, त्यासाठी शाळेतून यादी जावी लागते. पहिल्या आठवड्यात नाव दिले नाही तर जुलै पासाविना जातो. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातल्या (मागास) तालुक्यांत आठवीपासून गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे खात्यावर मिळतात. खाते मुलीच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले असावे. इथेच निम्मे अर्ज अडकतात. बस सुटली म्हणून मूल काळीपिवळीच्या मागे लटकून येत असेल, तर ते शाळेत कळवा. आगाराला वेळ बदलण्याचे पत्र शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह गेले तर त्याला वजन येते.

पुस्तके आठवीपर्यंत मोफत आहेत, दुपारचे जेवणही. सहावीपासून जेवणाचे प्रमाण वाढते : रोज १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. वाढत्या मुलाला तेवढे लागते. मूल मोठे झाले, आता खिचडी खायला लाजते, म्हणून डबा नाही आणि जेवणही नाही, अशी मुले चौथ्या तासाला डोके धरून बसलेली असतात.

शरीरातल्या बदलांबद्दल घरात कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहितो. मुलींमध्ये हे बदल आठ ते तेरा आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा या वयात सुरू होतात. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोघींमध्ये एक बाई दिसते आणि एक लहान पोर, आणि दोन्ही अगदी ठीक असतात. पाळी बहुधा याच तीन वर्षांत येते. ती यायच्या आधी मुलीला सांगून ठेवा, दप्तरात एक पॅड आणि एक जास्तीची चड्डी कागदात गुंडाळून ठेवायला द्या, आणि शाळेत कोणत्या बाईंना सांगायचे ते ठरवून द्या. पहिले वर्ष-दोन वर्षे पाळी मागेपुढे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सात दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव राहिला तर डॉक्टरांना दाखवा. महिन्याला चार दिवस घरी बसवण्याची चाल मात्र बंद करा. शाळेच्या दहा महिन्यांत ते चाळीस दिवस होतात. मुलग्यांचा आवाज फुटतो तेव्हा ते वर्गात मोठ्याने वाचायला तयार नसतात. शिक्षकांनी आणि घरच्यांनी त्यावर हसू नये.

शाळेत आठवड्याला एक निळी लोहगोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल असते. मुले ती खिडकीतून फेकतात, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळते आणि शौच काळे होते. दोन्हीत धोका नाही. जेवणानंतर घ्यायला सांगा, चहाबरोबर नको, वरून लिंबू किंवा आवळा असला तर उत्तम. वर्षातून दोनदा जंताची गोळी असते, तीही चुकवू नका. दहाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस असते. तिची नोंद बऱ्याच घरांत राहून गेलेली असते.

विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत आणि आदिवासी कुटुंबांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. मूल वारंवार हातपाय दुखतात म्हणून घरी राहते, डोळे पिवळे दिसतात, लवकर दमते, आणि आपण त्याला कामचुकार म्हणतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा रक्त तपासून घ्या. वाहक निघाले तर ते आजारी नाही. आजार निघाला तर शाळेला लेखी कळवा : मुलाला तासातासाला पाणी पिऊ द्यावे, उन्हात पळवू नये, पावसात भिजू देऊ नये, दुखायला लागले तर घरी फोन करावा. लोहगोळी त्याला द्यायची की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. दडवून ठेवले तर कवायतीच्या तासाला मूल कोसळते.

झोपेबद्दल एकच सांगणे आहे. बारा वर्षांपर्यंत नऊ ते बारा तास आणि त्यापुढे आठ ते दहा तास झोप लागते. मोबाइल नऊ वाजता आईबापाच्या उशाशी चार्जिंगला लागला की यातले बरेचसे साधते.

मूल अचानक शाळेत जायला नकार देऊ लागले, ठरावीक रस्ता किंवा ठरावीक माणूस टाळू लागले, तर रागावण्याआधी शांतपणे विचारा. शाळेत मारहाण किंवा अपमान करायला कायद्याने बंदी आहे. प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असायला हवी. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक मुलाला पाठ असू द्या.

आता जी संधी दरवर्षी शेकडो मुले केवळ कागदांपायी गमावतात, तिच्याविषयी. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. सगळे तिला एनएमएमएस म्हणतात. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० मिळतात. अटी अशा : मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असावे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे, आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण असावेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०. म्हणजे सातवीचे गुण इथे कामाला येतात, आणि हे पालकांना आठवीत कळते. दोन पेपर असतात, प्रत्येकी ९० प्रश्न : एक बुद्धिमत्तेचा, दुसरा विषयज्ञानाचा. दुसऱ्यात विज्ञानाचे ३५, समाजशास्त्राचे ३५ आणि गणिताचे २० प्रश्न असतात. अभ्यासक्रम सातवीचा आणि आठवीच्या पहिल्या सत्राचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून उत्तरपत्रिकेवरचा एकही प्रश्न कोरा सोडू नये.

अडते कुठे? शाळेच्या दाखल-खारीज (प्रवेश नोंदीच्या) रजिस्टरमध्ये नाव एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण, एका ठिकाणी अर्धे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत आलेला नसतो. खाते उघडून तीन वर्षे व्यवहार न झाल्याने ते बंद पडलेले असते. आणि सर्वांत दुःखाची गोष्ट, निवड यादीत नाव येऊनही राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला जात नाही, किंवा नववीत भरतात आणि दहावीला नूतनीकरण राहून जाते. म्हणून सहावीतच हे करून टाका : मुलाचा जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या रजिस्टरमधली नोंद शेजारी ठेवून अक्षरन्‌अक्षर जुळवा. शाळेतल्या नोंदीची दुरुस्ती मूल शाळेत आहे तोवर होते. शाळा सोडल्यावर ती फार जड जाते. मूल पाच वर्षांचे झाल्यावर त्याच्या बोटांचे ठसे आधारमध्ये अद्ययावत केले नसतील तर तेही आताच करा.

शाळा बदलताना दाखला मागितला की मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो. तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. ‘टीसी आणा, मग बसा’ असे कुणी म्हणाले तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ दाखवा. नवोदय विद्यालयाची (केंद्र सरकारच्या निवासी शाळेची) सहावीची प्रवेश परीक्षा मूल पाचवीत असताना द्यावी लागते, हेही अनेकांना सहावीत आल्यावर कळते. ती हुकली असेल तर आठवीत असताना नववीच्या रिक्त जागांसाठी पुन्हा अर्ज करता येतो. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या इयत्ता मात्र बदलत आल्या आहेत, म्हणून ती आपल्या मुलाला कोणत्या वर्षी आहे, हे शाळा उघडताच विचारून घ्या.

शेवटी शाळेकडून काय मागायचे ते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीची सभा चहा-बिस्किटांवर आणि सह्यांवर संपू देऊ नका. कायद्याने सहावी ते आठवीसाठी गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांना निदान एकेक शिक्षक हवा, आणि ३५ मुलांमागे एक. गणित-विज्ञानाचा शिक्षक नसेल तर ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी पाठवा, पोच घ्या आणि महिन्याने पुन्हा पाठवा. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, निर्णयानंतर वीसपेक्षा कमी पटाच्या वरच्या वर्गांची पदे धोक्यात आली आहेत. खेड्यातल्या मुलांवर हा उघड अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सातवीतली बारा मुले ही बारा मुलेच आहेत. त्यांना गणित शिकवायला माणूस लागतोच. शासनाने हा निकष डोंगरी, आदिवासी आणि विरळ वस्तीच्या तालुक्यांसाठी तरी मागे घ्यावा.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. एनएमएमएस, नवोदय आणि शिष्यवृत्ती परीक्षांच्या अर्जांच्या तारखा जाहीर होतील त्या दिवशी त्या जिल्हा पानावर ठळक चौकटीत छापाव्यात, आणि शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी पुन्हा एकदा. ग्रामपंचायतीत आणि बसथांब्यावरच्या टपरीत आपला अंक लोक उभ्याने वाचतात. तिथे ही चौकट दिसली तर ती नेमक्या घरांपर्यंत पोचेल.

आपले,
सहावी ते आठवीला शिकवणारे काही कार्यरत व निवृत्त पदवीधर शिक्षक,
जि. यवतमाळ